सतराव्या घराचं पाणी

रुंजीला मांडीवर आडवं घेऊन, एका हातानं थोपटत आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं मोबाईल सरकवत मी मोहरदरीच्या बासष्ट टाक्यांची चाळीस दिवसांची हकिगत वाचली, आणि मला इतक्या जोरात हसू फुटलं की पोरगी दचकून जागी झाली.

हसण्यासारखंच होतं ते. मोहरदरी आमच्या तालुक्याच्या गावापासून चौदा किलोमीटरवर. आमच्या संस्थेनं तिथं घरटी एक स्टीलची टाकी दिली होती, झाकणाची आणि तोटीची, सोबत क्लोरीनच्या थेंबांची बाटली. पाण्यात थेंब टाकायचे, अर्धा तास थांबायचं, तोटीनं पाणी घ्यायचं, हात बुडवायचा नाही. माझं काम पडताळणीचं. महिन्यातून एकदा स्कूटीवर जायचं, उंबऱ्याशी टेकायचं आणि विचारायचं, "थेंब टाकता ना?" "हो ताई." "आज टाकले?" "हो तर!" मग टाकीतलं पाणी नळीत घेऊन त्यात पूड टाकायची. गुलाबी रंग आला की फॉर्मवर खूण. दोन वर्षं बासष्टपैकी अठ्ठावन्न घरांत गुलाबी रंग येत होता. वरच्या ऑफिसात माझ्या गावाचं कौतुक व्हायचं आणि मी ते मुकाट्यानं घ्यायचे.

आता कळलं, कितीतरी टाक्या महिनाभर कोरड्या असतात. फक्त माझ्या फेरीच्या दिवशी, सकाळी साडेदहाच्या पुढे, भराभर भरतात. आधी फाट्याजवळचं पहिलं घर, मग दुसरं, मग तिसरं. जणू माझ्या स्कूटीच्या पुढे कुणीतरी हंडा घेऊन पळत सुटलंय. थेंबही पडतात, चांगले दुप्पट. मी गेले की तासाभरात टाकी रिकामी, आणि घर पुन्हा आपल्या जुन्या माठावर. ताई एवढी तान्ह्या पोरीला घेऊन उन्हातान्हाची येते, तिचं मन कशाला मोडायचं, एवढाच त्यातला हिशेब.

हे सांगितलं मण्यांनी.

मणी म्हणजे करवंदाएवढा एक गोळा. पुण्याच्या प्रयोगशाळेतून आमच्याकडे आला तो यंदाच, दोन हजार एक्केचाळीसच्या जानेवारीत. टाकीच्या तळाशी सोडून द्यायचा. आत एक थर्मामीटर, पाण्याची पातळी मोजणारी एक चकती, एक क्लोरीन ओळखणारा तुकडा, आणि खरी गंमत म्हणजे बारीक जाळीच्या कुपीत झोपवलेले विषाणू. माणसाला ते काही करत नाहीत. त्यांचं खाणं एकच, शौचातून पाण्यात येणारे जिवाणू. तसा जिवाणू जाळीतून आत आला की विषाणू त्याच्यात शिरतो आणि काजव्याकडून उसना घेतलेला एक जनुक त्याला देऊन टाकतो. मरता मरता तो जिवाणू उजळतो. जितकं पाणी घाण, तितका मणी उजळ. हा उजेड मणी मोजतो, वेळेसकट टिपतो आणि शेजारच्या घरातल्या मण्याच्या कानात सांगतो. तो पुढच्याच्या. असं करत बातमी शाळेच्या छतावरच्या खांबापर्यंत जाते आणि तिथून माझ्या मोबाईलवर.

म्हणजे मी घरी बसून बासष्ट घरांच्या पाण्यात डोकावू शकत होते. पहिल्यांदाच, न विचारता.

खरोखर रोज थेंब टाकणारी घरं निघाली एकवीस. संस्थेचा नियम साठ टक्क्यांचा, म्हणजे अडतीस घरं. त्याहून कमी भरली तर टाक्या उचलून यादीतल्या पुढच्या गावाला द्यायच्या. हसू तिथंच विरलं. अडीच वर्षांपूर्वी याच मोहरदरीत जुलाबांनी तेरा पोरं दवाखान्यात होती. बारा परत आली.

मी पुन्हा पहिल्यापासून एकेक टाकी बघायला घेतली, आणि टेकाडावरच्या गल्लीशी येऊन थांबले. सतरा घरं. क्लोरीन शून्य, माझ्या फेरीचा दिवस सोडला तर चाळीस दिवसांत एकदाही थेंब नाही. पण उजेडही शून्य! एकही जिवाणू नाही. आणि रोज दुपारी तीनच्या सुमाराला सतराच्या सतरा टाक्यांचं तापमान एकदम पंचावन्नवर उडी मारत होतं.

मी लगेच नाईकवाडे सरांना फोन लावला. सर म्हणजे आमच्या पडताळणी विभागाचे प्रमुख.

"प्रांजल, अठ्ठावन्नाचे एकवीस झाले," ते म्हणाले. त्यांच्यापुढेही तेच आकडे होते.

"सर, पण त्या सतरा टाक्या बघा ना! थेंब नाहीत आणि पाणी स्वच्छ!"

"मणी बिघडलेत ते."

"सतराही? एकाच गल्लीतले? रोज तीनलाच?"

"मग एकाच खोक्यातले असतील. हे बघ, फॉर्मवर रकाना कसला आहे? थेंब टाकले का. नाही टाकले. संपलं. महिनाअखेर अहवाल दे."

फोन ठेवला आणि मला एकदम हुरूप आला. दहावीत प्रयोगाच्या तासाला रंग अचानक बदलायचा तेव्हा यायचा तसा.

दुसऱ्या दिवशी स्कूटी घेतलीच नाही. रुंजीला पोटाशी बांधलं, काळीपिवळी जीपमध्ये स्वतःला कोंबून घेतलं आणि अडीच वाजता मोहरदरीच्या फाट्यावर उतरले. माझा हा वार नव्हता आणि ही वेळही नव्हती. टेकाड चढून गल्लीच्या तोंडाशी पोचते न पोचते तोच वरून थाळी वाजली. ठण ठण ठण. पोर जन्मल्यावर वाजवतात ना, अगदी तशी.

"झालं व! न्या आपापलं!"

घराघरांतून बायका बादल्या घेऊन निघाल्या. पत्र्याच्या छपरावर, पदर खोचून, हातात थाळी घेऊन उभ्या होत्या येणूमावशी. येणूमावशी इथल्या जुन्या सुईण. बाळंतपणं दवाखान्यात जायला लागल्यापासून नुसतं बाळ-बाळंतिणीचं मालीश आणि न्हाऊमाखू करतात. माझी रुंजी दीड महिना त्यांच्याच पायांवर न्हाली होती. मला बघून थाळी पाठीमागे गेली.

"माय व! ताई? आज कायले आली?"

"मावशी, वर काय आहे?"

"काई नाई. वाळवण हाये."

"वाळवणाला वाफ येते?"

खालच्या बायका फिसकन हसल्या. मावशींनी वरूनच त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं, मग रुंजीकडे पाहिलं, आणि सुस्कारा सोडून म्हणाल्या, "पोरगी दे इच्यापाशी अन् चढ वर. शिडी हालते, सांभाळून."

वर चढले आणि तशीच उभी राहिले. एकमेकांना लागून असलेल्या सात-आठ छपरांवर ओळीनं घंगाळं आणि पातेली मांडली होती, बाहेरून काजळी फासलेली. प्रत्येक भांडं भुशानं भरलेल्या खोक्यात गळ्यापर्यंत बसवलेलं, आतून वेफर्सच्या पुड्यांचा चंदेरी कागद चिकटवलेला, वरून टाकून दिलेल्या सौर पॅनेलची काच. काचेच्या आतून पाणी घामेजलं होतं.

"बाळाचं पाणी उन्हात तापवतच होतो ना आपण," मावशी म्हणाल्या. "तेच जरा जास्ती."

"पण झालं हे कळतं कसं? थाळी कधी वाजवायची ते?"

मावशींनी एक काच सरकवली आणि दोरीनं एक चिमुकली औषधाची बाटली पाण्याच्या तळातून वर ओढली. घट्ट बुचाची. आत पिवळसर काहीतरी खालच्या टोकाला थिजत होतं.

"मेण हाये. कुंकवाखाली लावत होतो ते, पोळ्याचं. रोज सकाळी बाटली उलटी करून सोडतो, म्हणजे मेण वर राह्यते. पाणी तापलं का विरघळते अन् खाली पडते. तळाशी कायले सोडतो माहीत हाये? खालचं पाणी उशिरा तापते. वरचं फसवते."

"आणि मेण पडलं की लगेच काढता?"

"ना व! मेण पडल्यावर एक बाळ न्हाऊ घालून होईस्तोवर थांबायचं. माह्यी सासू न्हाणीच्या पाण्याले तसंच करे."

एक बाळ न्हाऊ घालून व्हायला मावशींना किती वेळ लागतो हे मला पाठ होतं. तेल, पीठ, पाणी, धुरी. अर्धा तास. आणि मधमाशीचं मेण वितळतं बासष्ट-त्रेसष्ट अंशांवर.

त्रेसष्ट अंश, तीस मिनिटं! डेअरीत दूध निर्जंतुक करायचा जुना नियम हाच. पुस्तकात आम्हाला शिकवलेला, परीक्षेत विचारलेला. पाणी उकळायची गरजच नसते. एवढ्यानं रोगाचे जिवाणू मरतात. इथं तो नियम एका दोरीला बांधून पाण्यात सोडलेला होता. मी मावशींना मिठी मारली. पत्रा कडकडला.

"अगं पाडशीन मले!"

"मावशी, मला सांगितलं का नाही इतके दिवस?"

त्यांनी बाटली पदरानं पुसली. "तुमीच म्हणले होते, थेंबाबिगर दुसरं काई करायचं नाई. थेंबाचा वास बाळंतिणीले सहन होत नाई, ओकते ते. पण आमचं कोण ऐकते? सुईणपण बंद केलं माह्यं, म्हटलं आता हे बी बंद करसान." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "ते तेरावं पोर मी माखलं होतं. सव्वा महिना. टाळू भरली होती त्याची. तवापासून मी माखलेलं पोर ज्या घरात, त्या घराले पाणी माह्या छपरावरचं."

मावशींचं स्वतःचं सोडून उरलेल्या सोळाही घरांत दोन वर्षांत बाळं झाली होती. मी रकाना भरत होते आणि मला हे दिसलं नव्हतं.

खाली उतरले तेव्हा प्रतिभावहिनी दारात उभ्या. फाट्याजवळच्या पहिल्या घरातल्या, या गावातली माझी पहिली मैत्रीण. रुंजी त्यांच्या कडेवर जाऊन त्यांचं मंगळसूत्र चोखत होती.

"काळीपिवळीतून उतरताना दिसल्या," वहिनी म्हणाल्या. "ताई आली असं ग्रुपवर टाकायच्या आधीच टेकाड चढल्या. आज लपून कायले?"

आता सांगणं भागच होतं. मणी देताना मी बायकांना एवढंच म्हटलं होतं की तो पाणी तपासतो. तो वेळ टिपतो, टाकी कधी भरली, कधी रिकामी झाली हे सगळं मला कळतं, हे सांगितलं नव्हतं. विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, अशी मी मनाची समजूत घातली होती. ते सगळं मी तिथं, गल्लीत उभी राहून सांगून टाकलं.

मग प्रतिभावहिनींनी रुंजीला माझ्याकडे दिलं.

"म्हणजे तुमी माह्या घरात हेर ठेवला. अन् मी तुमच्यासाठी दर टायमाला चहा ठेवत होती."

"चुकलं माझं, वहिनी."

"अन् माठ माठ काय करता? माह्या माठात काय हाये? रोज घासते मी! राखेनं! आणू का पाणी?"

"आणा," येणूमावशीच वरून म्हणाल्या. "पाहूनच घेऊ."

माझ्या पिशवीत तीन जादा मणी होते. तीन पेले मांडले. एकात आडाचं पाणी, एकात छपरावरचं, एकात वहिनींच्या माठातलं. मणी सोडले. उजेड पडायला दोन तास लागतात. त्या दोन तासांत चार बाळं न्हाली असती, पण कुणीही हललं नाही. कुणीतरी चहा ठेवला, मलाही दिला, जरा उशिरानं. पाच वाजता मावशींनी जाड वाकळ आणून पेल्यांवर तंबूसारखी धरली आणि आम्ही चार-पाच जणी आत डोकी खुपसली. अंधार. गरम श्वास. कुणाच्या तरी केसांतला तेलाचा वास.

"माय माय माय!" कुणीतरी पुटपुटलं.

आडाच्या पाण्यात हिरवट-पिवळा मणी पेटला होता. छपरावरच्या पेल्यात मिट्ट काळोख. आणि तिसऱ्यात आडापेक्षा मंद, पण स्पष्ट उजेड.

प्रतिभावहिनी खूप वेळ आत थांबल्या. बाहेर आल्या त्या डोळे चोळत. "दिसते तं सुंदर," त्या म्हणाल्या. पेला मोरीत ओतला आणि कुणाकडे न बघता टेकाड उतरून गेल्या. मी त्यांच्या मागे गेले नाही. जायला हवं होतं कदाचित.

त्या संध्याकाळी मी सरांना सगळं सांगितलं. फोटो पाठवले. मेणाची बाटली दाखवली. सर वाईट नाहीत. त्यांनी अठ्ठावन्नचे एकवीस झालेले फार पाहिलेत.

"छान आहे," ते म्हणाले. "मान्य. पण ऊन नसेल त्या दिवशी काय? तू मोजतेस ते शुद्ध पाणी आहे की चांगलं हवामान आहे?"

प्रश्न बरोबर होता. मावशींना मी विचारलंच होतं. "मेण नाई पडलं तर मी थाळी नाई वाजवत," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. "मंग जो तो काय पेते मले काय ठाऊक?"

"एक ढगाळ दिवस," सर म्हणाले. "एकतीस मार्चच्या आत. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्या सतरा टाक्यांत शुद्ध पाणी दिसलं, कसंही केलेलं असो, तर ती घरं मी धरतो. एकवीस आणि सतरा, बरोबर अडतीस. पण तू त्यांना ही अट सांगायची नाहीस. त्या दिवशी जायचं नाही, फोन नाही. नाहीतर पुन्हा तुझ्याकरता थेंब पडतील."

पटलं मला.

मी दुसऱ्या दिवशी जाऊन मणी नको असेल त्यांनी परत द्यावा, असं घरोघरी सांगितलं. ज्यांनी ठेवला त्यांच्या मोबाईलवर त्यांच्या स्वतःच्या टाकीचा आलेख लावून दिला. आमच्यातलं ते दार दोन्ही बाजूंनी उघडं राहावं म्हणून. प्रतिभावहिनींनी मणी ठेवला. चहा मात्र विचारला नाही.

मग मी ढगांची वाट बघू लागले. गहू उभा, हरभरा खळ्यावर, सगळा जिल्हा आभाळ स्वच्छ राहावं म्हणून देव पाण्यात घालून बसलेला, आणि मी रोज उठून रुंजीला कडेवर घेऊन गच्चीवर जाऊन पश्चिमेला बघायची. सासूबाई म्हणाल्या, "अगं, पापड घातलेत मी, असं काय आभाळाकडे आशेनं बघतेस?" वीस तारीख गेली. पंचवीस गेली. कडकडीत ऊन. आलेखात रोज तीनला सतरा उड्या.

अठ्ठावीसला सकाळी उठले तर खोलीत राखाडी उजेड.

गच्चीवर धावले. या टोकापासून त्या टोकापर्यंत आभाळ भरलेलं. पाऊस नाही, वारा नाही, नुसतं जाड, गोधडीसारखं आभाळ. मी रुंजीचा इतक्यांदा मुका घेतला की ती रडायला लागली.

मग मोबाईल. नऊ वाजले, काही नाही. दहा, काही नाही. टाक्यांमध्ये कालचं थोडं थोडं पाणी उरलं होतं, ते तोटीतून उतरताना दिसत होतं. एका टाकीत संपलं. दुसरीत संपलं. आता माठ, मी मनात म्हटलं. आता सगळ्याजणी माठ उघडणार.

अकरा वाजून दहा मिनिटांनी पहिली रेघ वर उचलली. क्लोरीन! गल्लीच्या खालच्या टोकाचं घर. मी पाळण्याची दोरी सोडून उभीच राहिले. मग दुसरी. मग एकदम चार. माझी फेरी नव्हती. कुणी स्कूटी बघितली नव्हती, ग्रुपवर काही पडलं नव्हतं. मोहरदरीत आज माझ्याकरता कुणीही काहीही करत नव्हतं, आणि थेंब पडत होते. मोजून, दुप्पट नाही! बाळंतिणीच्या घरात अगदी कमी, वास लागू नये इतपत. एक वाजता बारा. दोनला पंधरा. अडीचला सोळा.

सतराव्या घराची टाकी रिकामी. ते घर येणूमावशींचं.

तीन वाजले. चार. मी फोन हातात घ्यायची, ठेवायची. मावशी तापानं पडल्या असतील का? गावाला गेल्या असतील? की त्यांनाच, साऱ्या गल्लीला पाणी पुरवून, आज स्वतःपुरता माठ पुरे वाटला असेल? पाच वाजता सरांचा मेसेज आला. "सदतीस. वाईट वाटतं."

पाच वाजून बावीस मिनिटांनी सतराव्या टाकीत पाणी पडलं. मण्यानं तापमान कळवलं, चौऱ्याण्णव अंश. पुढच्या मिनिटाला काहीच नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी आलेख पुन्हा पुन्हा उघडला. रेघ तिथंच तुटलेली. आणि मग कळलं आणि मी मोठ्यानं ओरडले, "मावशी!"

थेंब त्या टाकणार नव्हत्याच, काही झालं तरी. त्यांनी चूल पेटवली होती आणि खळखळतं पाणी तसंच टाकीत ओतलं होतं. विषाणू सत्तर अंशांपुढे टिकत नाहीत, आतलं यंत्रही नाही. मणी शिजला होता.

सरांना फोन मीच लावला.

"सर, अडतीस!"

"सतराव्याची नोंदच नाही, प्रांजल. मणी बंद आहे. शुद्ध पाण्याचा पुरावा कुठाय?"

"मणी मेला हाच पुरावा, सर! ज्या पाण्यात तो जगला नाही त्यात दुसरं काय जगेल?"

पलीकडून आवाज आला, आधी घोगरा, मग स्पष्ट. सर हसत होते. दोन वर्षांत मी त्यांना हसताना ऐकलं नव्हतं.

"हे फॉर्मवर कुठल्या रकान्यात लिहिणार तू?"

रकाना नव्हताच. मी फॉर्म उलटा केला. रुंजी मांडीवर येऊन पेन ओढत होती, म्हणून अक्षर जरा वाकडं आलं: 'घर क्रमांक सतरा. ढगाळ दिवस. पाणी चुलीवर उकळलं, मणी त्यात मेला. घर धरावं. नवा मणी द्यावा, जळणाची सोय करावी.'